माटोळीसारखे टांगलेले कॉम्प्युटर

पत्र असं आहे, थोडं कापून छापतेय (नॅक म्हणजे कॉलेजांना तपासून ग्रेड देणारी संस्था, आयआयक्यूए हा तिच्याकडचा पहिला अर्ज; पत्र २०२३-२४ मधलं आहे, उत्तरातले नॅकचे नियमही तेव्हाचेच):

"मॅडम, मी सत्तरी-डिचोलीच्या बाजूच्या एका एडेड कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहे, कॉन्ट्रॅक्टवर, हे तिसरं वर्ष. आमची नॅकची तिसरी सायकल आहे, आयआयक्यूए अजून भरायचा आहे. मागच्या वेळी बी प्लस मिळालेलं म्हणून यंदा मॅनेजमेंटला ए पाहिजेच. क्रायटेरिया फोर म्हणजे इमारत, लायब्ररी, कॉम्प्युटर, मेंटेनन्स हे सगळं माझ्या गळ्यात पडलंय, मी मीटिंगला पाच मिनिटं उशिरा पोचले एवढाच माझा गुन्हा. आमच्याकडे ६१२ मुलं आणि डेडस्टॉक रजिस्टरवर ७१ कॉम्प्युटर, पण त्यातले बरेच चालत नाहीत. प्रिन्सिपल सर म्हणतात नॅकची टीम येईल तेव्हा आपल्याच ट्रस्टच्या हायस्कूलमधले वीस कॉम्प्युटर आणून लॅबमध्ये लावू, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. लायब्ररीच्या व्हिजिटर रजिस्टरची बरीच पानं कोरी आहेत, लायब्रेरियन मॅडम मोठ्या रजेवर होत्या, ती पण 'पूर्ण करून घ्या' असं सांगितलंय. वायफाय पाटीवर आहे, वर्गात नाही. नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होईल का माहीत नाही, आणि हो म्हटलं तर झोप लागत नाही. काय करू? नाव छापू नका."

नाव नाही छापत. आधी त्या वीस कॉम्प्युटरचं बोलते कारण झोप त्यांनीच उडवलीय. आणू नका. नीतीचं राहू दे बाजूला, सध्या नुसता हिशोब बघा, कारण प्रिन्सिपल लोकांना हिशोब पटतो. टीम तुमच्या गेटमधून आत यायच्या कितीतरी आधी तुमचा एसएसआर, म्हणजे कॉलेजने स्वतःबद्दल लिहिलेला अहवाल, पोर्टलवर गेलेला असतो, आणि त्यातले आकड्यांचे जे मेट्रिक्स, म्हणजे मोजमापं, असतात ते डीव्हीव्हीवाले तपासतात, म्हणजे कुठेतरी लांब बसून तुमचे कागद एकमेकांशी जुळतात का ते बघणारे लोक. साधारण सत्तर टक्के गुण या आकड्यांवर असतात. स्टुडंट-कॉम्प्युटर रेशो, ४.३.२, हा त्यातलाच. म्हणजे टीम येऊन तुमच्या लॅबमध्ये उभी राहते तेव्हा त्या आकड्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मग हायस्कूलचे वीस कॉम्प्युटर ताडपत्री बांधून टेंपोतून पावसात आणायचे, गणपतीवरच्या माटोळीला फळं बांधतात तसे ओळीने लावायचे आणि दोन दिवसांनी विसर्जन झालं की परत उतरवायचे, यातून मिळणार काय तर हायस्कूलच्या पोरांचं प्रॅक्टिकल बुडणार आणि दोन-चार मॉनिटरना ओरखडे पडणार.

बरं, समजा कुणी म्हणालं की आपण कागदावरच आधी ते वीस धरून टाकू. तर त्या मेट्रिकला पुरावा म्हणून मागतात काय, खरेदीची बिलं, त्यात कॉम्प्युटरचा आकडा हायलाइट करून, आणि स्टॉक रजिस्टरची पानं, ज्यात कुठल्या डिपार्टमेंटला मुलांच्या वापरासाठी किती दिले ते दिसलं पाहिजे. हायस्कूलच्या कॉम्प्युटरचं बिल हायस्कूलच्या नावावर आहे. त्यामुळे प्रिन्सिपल सरांसमोर वाद बिद काही घालू नका, फाइल घेऊन जा आणि अगदी साधेपणाने विचारा, "सर, या वीसचं बिल कुणाच्या नावाचं लावू?" बस, पुढे गप्प राहायचं. मी हे करून बघितलंय, वेगळ्या वस्तूच्या बाबतीत, आणि समोरचा माणूस चष्मा काढून पुसायला लागतो.

आता तुमचा खरा आकडा. तुम्ही पत्रासोबत यादी पाठवलीत ते फार बरं केलंत (यादी छापत नाहीये, काळजी नको). ७१ पैकी १४ बंद आहेत. १२ ऑफिसात, प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये आणि स्टाफरूममध्ये आहेत, ते मुलांच्या वापराचे नाहीत, ते धरायचे नाहीत. राहिले ४५. ६१२ भागिले ४५ म्हणजे १३.६, एका कॉम्प्युटरमागे तेरा-चौदा मुलं. सरांच्या डोक्यात ६१२ भागिले ७१ आहे, म्हणजे ८.६. हा ८.६ भरलात तर डीव्हीव्ही स्टॉक रजिस्टर बघून विचारणार की हे प्रिन्सिपलच्या केबिनमधलं मशीन कुठला विद्यार्थी वापरतो, आणि मग आकडा कापला जाणारच, वर तुमच्या बाकीच्या आकड्यांकडेही लोक भिंगातून बघायला लागणार. १३.६ च भरा. चांगला नाहीये, मला माहीत आहे. पण क्रायटेरिया फोरला सगळे मिळून हजारातले शंभर गुण आहेत आणि त्या शंभरातला हा एक तुकडा, त्याच्यावर अख्ख्या कॉलेजची ग्रेड अडलेली नाही.

आणि अजून एक, जे सरांना बहुतेक लक्षात आलेलं नाही. हा रेशो ताज्या पूर्ण झालेल्या शैक्षणिक वर्षाचा असतो, तुमच्या बाबतीत २०२२-२३. म्हणजे आत्ता घाईघाईने नवीन तीस मशीन घेतले तरी या आकड्यात ते येणार नाहीत. घ्यायचे तर जरूर घ्या, मुलांसाठी घ्या, पुढच्या एक्यूएआरमध्ये, म्हणजे नॅकला द्यायच्या वार्षिक अहवालात, दिसतील, पण "नॅकसाठी" म्हणून जो दुकानदार तुम्हाला पॅकेज विकायला येतोय ना, त्याला चहा पाजून पाठवून द्या.

त्यापेक्षा ते १४ बंद मशीन एका शनिवारी लॅबच्या मधल्या टेबलावर मांडा आणि एकेक उघडा. माझा अनुभव असा की "बंद" म्हणून कोपऱ्यात गेलेल्या कॉम्प्युटरमधले अर्धे तरी खरे मेलेले नसतात. कुणाचा पॉवर सप्लाय गेलेला, कुणाची मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपलेली म्हणून रोज सकाळी तारीख मागे जाते, कुणाची रॅम नुसती काढून खोडरबराने घासून परत बसवली की चालू, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तर आत मुंग्यांचं घर असतं, खरंच सांगते, मी एका सीपीयूमधून झाडूच्या काडीने मूठभर माती आणि अंडी काढलीयत. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली आणि रॅम थोडी वाढवली की दहा वर्षांचं मशीनसुद्धा मुलांना टायपिंग, स्प्रेडशीट, ब्राउझिंगला व्यवस्थित पुरतं. १४ तले ९ उठले तर ५४ होतील, रेशो ११ च्या आसपास, तो पुढच्या वर्षाच्या कागदात येईल. जे उठणारच नाहीत ते रीतसर राइट-ऑफ करा, मीटिंगचा ठराव करून, आणि ई-वेस्ट अधिकृत रिसायकलरला देऊन त्याची पावती ठेवा, भंगारवाल्याला किलोवर विकू नका. ती पावती क्रायटेरिया सेव्हनमध्ये वेस्ट मॅनेजमेंटला पण लागते, म्हणजे एका कागदाची दोन कामं.

विंडोजचं पण बघून ठेवा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतचेच, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. तुमची यादी बघता निम्म्याहून जास्त मशीन त्याच्या आधीचे, म्हणजे जुने आहेत. घाबरू नको गे बाय (हे आपलं सवयीने आलं), जे चांगले आहेत ते कॉमर्सच्या मुलांना टॅलीसाठी राखून ठेवा कारण टॅलीला विंडोजच लागतं, आणि बाकीच्यांवर उबंटू किंवा सी-डॅकचं बॉस लिनक्स टाका, सोबत लिब्रे ऑफिस. फुकट आहे आणि कायदेशीर आहे. कोपऱ्यातल्या दुकानातून "सगळं टाकून देतो" म्हणणाऱ्याकडून क्रॅक केलेलं ऑफिस घेऊ नका, टीममध्ये एक जरी कॉम्प्युटर सायन्सचा माणूस असला तर तो लायसन्सचे कागद मागतोच मागतो.

आता लायब्ररी. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझी सगळी नोकरी पुस्तकांच्या कपाटांमध्ये गेली.

ते रजिस्टर "पूर्ण" करायचं नाही. का ते सांगते, आणि हे मी माझ्या हाताने पहिल्यांदाच कुठेतरी लिहितेय. एका कॉलेजात, नाव नको, मी लायब्रेरियन होते आणि आमची व्हिजिट आठवड्यावर आलेली. आमच्या असिस्टंटने, बिचारी चांगली मुलगी, सगळ्यांचं भलं व्हावं म्हणून कोऱ्या पानांवर नावं भरली, रोज चाळीस-पंचेचाळीस, हजेरीपट बघून रोल नंबर टाकले, सह्या पण डावीकडे वाकवून, उजवीकडे वाकवून वेगवेगळ्या केल्या. मला माहीत होतं. मी थांबवलं नाही, हे पण लिहून टाकते. व्हिजिटच्या दिवशी टीममधले एक वयस्कर सर, बाहेरच्या राज्यातले, येऊन बसले, रजिस्टर घेतलं आणि सप्टेंबरच्या पानावर बोट ठेवून अगदी कौतुकाने विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे गणेश चतुर्थीला पण लायब्ररी उघडी असते?" त्या तारखेला त्रेचाळीस नावं. गोव्यात. चवथीच्या दिवशी! जेव्हा इथे पाववाला पोदेर पण येत नाही आणि रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. मी काहीतरी पुटपुटले. ते रागावले नाहीत, रजिस्टर मिटलं, त्यावर हात ठेवून जरा वेळ बसले आणि मग पाणी मागितलं. दिवसभर मला दुसरं काहीच विचारलं नाही त्यांनी, लायब्ररीत आम्ही जे खरंच चांगलं केलेलं होतं, दुर्मिळ मराठी मासिकांचे बांधलेले अंक होते, सगळं कॅटलॉगिंग एकहाती केलेलं होतं, त्यातलं एक पण नाही.

तुमच्या बाबतीत तर अजून मोठा खड्डा आहे. तुमची पाच वर्षं आहेत २०१८-१९ ते २०२२-२३. त्यात मार्च २०२० नंतरचा लॉकडाऊन आहे. कुणीतरी उत्साहात भरता भरता एप्रिल २०२० ला पण अडतीस मुलं बसवली तर काय सांगाल?

कोरी पानं कोरीच ठेवा. त्यावर लायब्रेरियनची रजा कधी ते कधी, चार्ज कुणाकडे होता, एवढी एक ओळ ऑफिस ऑर्डरच्या नंबरसकट लिहा आणि प्रिन्सिपलची सही घ्या. रजेच्या काळातलं बाकी सगळं दुसरीकडून सापडतं. पुस्तकं इश्यू झाली ना? मग इश्यू-रिटर्न सिस्टीममध्ये आहे. कोहा असो, इन्फ्लिबनेटचं सोल असो की एनआयसीचं ई-ग्रंथालय, प्रत्येकात तारखेप्रमाणे व्यवहाराचा रिपोर्ट निघतो आणि तो कुणी रात्री बसून निळ्या पेनाने भरलेला नसतो. एडेड कॉलेज म्हणजे तुमच्याकडे एन-लिस्ट, म्हणजे ऑनलाइन पुस्तकं-जर्नल्सची वर्गणी, असणार, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं, त्याचं वर्गणीचं बिल तर लावाच पण किती मुलांचे लॉगिन खरे चालू आहेत ते आधी बघा. बऱ्याच कॉलेजांत लॉगिन तयार होऊन ईमेलमध्येच पडलेले असतात, मुलाला पासवर्ड माहीतच नाही. टीम मुलांशी वेगळी बोलते, स्टाफला बाहेर बसवून, आणि पहिल्याच बाकावरच्या पोरीला विचारते, "एन-लिस्टवर शेवटचं काय वाचलंस?" ती जर म्हणाली "कोणती लिस्ट?" तर तुमची वर्गणीची पावती घेऊन काय करणार. ४.२ च्या मेट्रिकमध्ये शब्दच आहे की लायब्ररीचा पुरेपूर वापर होतो का, कपाटं किती ते कोणी विचारत नाही.

म्हणून पुढच्या दोन महिन्यांत करायचं एकच काम, प्रत्येक वर्गाला बारा-पंधराच्या गटाने लायब्ररीत आणा, समोर बसवून लॉगिन करायला लावा, त्यांच्याच सिलॅबसमधला एक लेख शोधायला लावा, आणि डिशटावोचे व्हिडिओ पण दाखवा, आपल्या डायरेक्टोरेट ऑफ हायर एज्युकेशनने गोवा युनिव्हर्सिटीच्या सिलॅबसवरच करून ठेवलेत आणि निम्म्या मुलांना पत्ता नाही. त्या सत्राची हजेरी घ्या, खरी. अकरा आली तर अकरा.

पुस्तकांची बुरशी हा आपला खास विषय. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात कपाट भिंतीला चिकटवून ठेवलं की गणपतीपर्यंत मागची रांग पांढरी पडते, पुठ्ठ्याला हात लावला तर पिठासारखं बोटाला येतं. भिंतीपासून वीतभर तरी पुढे ओढा. आणि याचाही कागद करता येतो, हे लोकांना सुचत नाही. मेंटेनन्सच्या कागदांत प्रत्येक कॉलेज तेच गुळगुळीत धोरण चिकटवतं, "संस्थेत देखभालीची सुस्थापित यंत्रणा आहे" वगैरे. तुम्ही त्यापेक्षा आपली मान्सूनची यादी लिहा ना. मे महिन्यात कौलं आणि पत्रे कोण बघतो, पन्हाळी कोण साफ करतो, वाळवीचं औषध कधी मारलं, यूपीएसच्या बॅटऱ्यांना पाणी कधी घातलं, अर्थिंग कधी तपासलं, वीज कडाडायला लागली की लॅबचा मेन स्विच खाली कोण ओढतो. आमच्याकडे हे काम लॅब अटेंडंट करायचा, भिंतीवर खडूने तारीख लिहायचा, मी त्याला एक शंभर पानी वही दिली आणि तीच वही नंतरच्या सायकलमध्ये टीमने सगळ्यात जास्त वेळ चाळली, त्याचं अक्षर कुणाला लागत नव्हतं तरी. एका पानावर त्याने मराठी-कोकणी मिसळून लिहिलेलं, "प्रोजेक्टर नं. ३, भिंगाक कोळयाच्या जाळ्यासारकें दिसता, शाई नाही, पुसून जात नाही". ती भिंगाच्या आतली बुरशी होती, आणि त्या दिवसापासून आम्ही प्रोजेक्टर जूनमध्ये छतावरून उतरवून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवायला लागलो, फक्त दोन खोल्यांतले चालू ठेवायचे आणि ते रोज थोडा वेळ तरी लावायचे. दुरुस्तीची तीन बिलं वाचली एका वर्षात.

खर्चाचं जरा कंटाळवाणं आहे पण इथेच मार्क जातात, म्हणून एकदाच. ४.१ मध्ये इन्फ्रास्ट्रक्चर वाढवायला केलेला खर्च, ४.४ मध्ये देखभालीचा खर्च, दोन्ही पगार सोडून, पाचही वर्षांचे. तेच रंगकामाचं बिल दोन्हीकडे लावू नका, डीव्हीव्हीला ते सगळ्यात आधी दिसतं. अकाउंटंटबरोबर बसा, ऑडिटेड स्टेटमेंटच्या प्रती काढा आणि दोन रंगांचे हायलायटर घ्या, एक नवीनसाठी, एक देखभालीसाठी, मग सीएची आणि प्रिन्सिपलची सही. २०२०-२१ मध्ये खर्च पडलेला दिसेल तर पडू दे, सगळ्या देशाचाच पडलेला. सरांना जे दोन स्मार्ट बोर्ड आत्ता घ्यायचेत ते या पाच वर्षांच्या टक्क्यात बसतच नाहीत, हे त्यांना त्याच मीटिंगमध्ये दाखवता येईल.

वायफायचं काय करायचं. तुमची इमारत जुनी, चिऱ्याची आहे असं लिहिलंय. चिऱ्याची दीड फुटी भिंत म्हणजे वायफायला डोंगरच, एक राउटर ऑफिसात आणि सिग्नल तिसऱ्या वर्गात, हे होणार नाही, कितीही महागडा आणा. कॉरिडॉरमध्ये दर दोन-तीन खोल्यांमागे एक ॲक्सेस पॉइंट, तोही केबलने जोडलेला, आणि लॅबमध्ये तर वायफायचा नादच नको, सरळ लॅन केबल. बिलावर किती एमबीपीएस ते छापलेलं असतं, ते लावायचं. पण ते तारेत येतं तेवढं, मुलाच्या फोनवर काय येतं ते वेगळं, त्यामुळे स्पीड टेस्ट सकाळी साडेसातला रिकाम्या कॉलेजात घेऊ नका, अकरा वाजता, सगळे वर्ग भरलेले असताना, वेगवेगळ्या पाच ठिकाणी घ्या आणि जे येईल ते लिहून ठेवा. जिथे येत नाही तिथली पाटी काढून टाका. पावसात झाड पडून फायबर तुटतं हे तुमच्या बाजूला दरवर्षीचं, म्हणून दुसऱ्या कंपनीची छोटी लाइन बॅकअप म्हणून घ्या, त्यातून निदान ऑफिस आणि परीक्षेचं काम चालेल.

जिओटॅग फोटो: आत्ताच काढायला लागा, उन्हाचा दिवस बघून, आणि फोनचं लोकेशन नीट पकडलंय ना ते प्रत्येक फोटोवर वाचा. आमच्या एका सरांनी काढलेल्या सत्तावीस फोटोंवर लोकेशन मडगाव मार्केट आलेलं, कॉलेज होतं दुसऱ्याच तालुक्यात. आणि लॅबच्या फोटोत माणसं असू देत. रिकाम्या खुर्च्या, सेलोफेन न काढलेले कीबोर्ड, यावरून लगेच कळतं.

रॅम्पचा फोटो काढायच्या आधी त्याचा उतार मोजा. एक फूट चढायला बारा फूट लांबी पाहिजे, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पायऱ्यांवर सिमेंट ओतून केलेली घसरगुंडी असते, व्हीलचेअर वर जात नाही आणि खाली येताना थांबत नाही. न दिसणाऱ्या मुलांना पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी एनव्हीडीए फुकट मिळतं, लायब्ररीतल्या एका मशीनवर टाका, हेडफोन ठेवा, आणि एखाद्या मुलाला ते वापरायला शिकवून ठेवा. हे सगळं मोजलं जातं क्रायटेरिया सेव्हनमध्ये पण धावपळ तुमचीच होणार.

राहिला तुमच्या नोकरीचा प्रश्न, जो मला वाटतं पत्रातला खरा प्रश्न होता. कॉन्ट्रॅक्टवाल्या माणसाने प्रिन्सिपलला तोंडावर नाही म्हणायचं हे मी कोणाला सांगणार नाही, मी स्वतः पर्मनंट असून गप्प बसले होते, वर लिहिलंच. पण नाही म्हणायची गरजच येऊ देऊ नका. आयक्यूएसीची, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता समितीची, मीटिंग लावायला सांगा, अजेंड्यावर साधा मुद्दा, "क्रायटेरिया चारची आकडेवारी आणि पुरावे". एक पान टाइप करून न्या, डावीकडे आकडा, उजवीकडे कुठला कागद. ७१, त्यातले १४ बंद, १२ ऑफिसचे, ४५ मुलांचे. रजिस्टरच्या पानांसमोर रजेची ऑर्डर. ज्या आकड्यासमोर कागद नाही तिथे जागा कोरी सोडा आणि सगळ्यांसमोर विचारा, इथे काय लावायचं. आयक्यूएसीचे चेअरपर्सन प्रिन्सिपलच असतात आणि एसएसआरसोबतच्या घोषणापत्रावर सही पण त्यांचीच असते, तुमची नाही, हे त्यांना कुणीतरी आठवण करून देणं पुरतं, आणि ते तुम्ही नाही, त्या मीटिंगमधला एखादा सिनियर माणूस करेल. आदल्या दिवशी अकाउंटंटला आणि एखाद्या जुन्या एचओडीला ते पान दाखवून ठेवा, चहा प्यायला जाताना, कँटीनमध्ये, सहज. जुनी माणसं अशा वेळी बोलतात, कारण मागच्या सायकलला ती पण होती आणि तेव्हा काय काय लपवलं गेलं ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आठवतं.

मिनिट्स तुम्हीच लिहा. कुणाला लिहायचा कंटाळा असतो, पटकन देऊन टाकतील. "हायस्कूलचे कॉम्प्युटर न धरण्याचं ठरलं" असं लिहू नका, त्याने सरांचा अपमान होतो, "रेशोसाठी कॉलेजच्या मालकीचे व विद्यार्थ्यांच्या वापरातले ४५ कॉम्प्युटर धरण्याचं ठरलं" असं लिहा, सही ते आनंदाने करतील.

ए मिळेल का? ए साठी चारपैकी ३.०१ लागतात, बी प्लसवरून तिथे जायला फक्त क्रायटेरिया फोर पुरत नाही, टीचिंग-लर्निंगला एकट्याला साडेतीनशे गुण आहेत, तिकडे कोण बसलंय ते बघा आणि त्याला पण ही डावी-उजवी यादी करायला सांगा. तुमच्या क्रायटेरियापुरतं तुमचं काम झालेलं दिसेल.

आणि दिव्यांगांसाठीच्या टॉयलेटला कुलूप आहे म्हणालात, आत झाडू, बादल्या आणि गॅदरिंगचे पडदे. चावी कुणाकडे आहे ते उद्या सकाळी पहिल्या लेक्चरच्या आधी विचारून घ्या.